संगणकातील 'सांगकाम्या'

पावसाळ्यात सकाळचे साडेआठ वाजले, की पर्जन्यमापकावरील आकड्याची नोंद होते. गेल्या चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस झाला, याचा तो हिशेब असतो. राहुरी तालुक्यातील वांबोरी असो, ताहाराबाद असो वा देवळाली प्रवरा, वरवर पाहता हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी मानली जाते, आणि पीकनुकसानीच्या मदतीचा विचार होताना हाच आकडा पुढे येतो. ६४ आणि ६६ यांतील अंतर पर्जन्यमापकात दोन मिलिमीटरचे असते. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते फार मोठे असते.

आता असे समजा, की राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील एखाद्या विद्यार्थ्यापुढे तालुक्यातील पाच ठिकाणांच्या दहा वर्षांच्या नोंदी ठेवल्या आहेत. प्रत्येक ठिकाणाची, प्रत्येक वर्षाची एक स्वतंत्र फाइल. म्हणजे ५० फाइली. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस धरले, तर एकूण ६,१०० नोंदी. प्रश्न एकच: कोणत्या ठिकाणी किती दिवस पाऊस ६५ मिलिमीटरच्या वर गेला? एकेक फाइल उघडून, आकडे न्याहाळून उत्तर काढायचे म्हटले, तर अख्खी दुपार जाईल आणि डोळेही थकतील. हेच काम संगणकाच्या काळ्या पडद्यावर चार-पाच ओळी लिहून निमिषार्धात होऊ शकते. त्या चार-पाच ओळींना 'शेल स्क्रिप्ट' म्हणतात.

मात्र येथे एक मेख आहे. बरोबर उत्तर जितक्या वेगाने मिळते, तितक्याच वेगाने चुकीचे उत्तरही मिळते. आणि ते चुकीचे आहे, हे संगणक सांगतोच असे नाही. शेल स्क्रिप्टिंग शिकू पाहणाऱ्याने पहिल्या दिवशी समजून घ्यावे, ते हेच.

शेल म्हणजे काय?

मराठीत 'सांगकाम्या' असा एक नेमका शब्द आहे. सांगितले तेवढेच करायचे, त्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही, हा सांगकाम्याचा स्वभाव. संगणकातील शेल हा असाच सांगकाम्या आहे. वापरकर्त्याने टाइप केलेली आज्ञा वाचायची, तिचे शब्द सुटे करायचे, त्यांतील पहिला शब्द ज्या प्रोग्रॅमचे नाव आहे तो प्रोग्रॅम सुरू करायचा आणि उरलेले शब्द त्याच्या हवाली करायचे, एवढेच त्याचे काम. शेल म्हणजे कवच. संगणकाच्या गाभ्यातील कार्यप्रणाली आणि बाहेरचा माणूस यांच्यामधला हा थर असल्याने त्यास हे नाव पडले.

ही कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यास फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पुझाँ यांनी या अर्थाने 'शेल' हा शब्द प्रथम वापरला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली 'युनिक्स' या कार्यप्रणालीचा जन्म झाला आणि १९७१मध्ये केन थॉम्पसन यांनी तिच्यासाठी पहिला शेल लिहिला. १९७९मध्ये स्टीफन बोर्न यांचा शेल आला. आज सर्वाधिक प्रचलित असलेला 'बॅश' हा शेल ब्रायन फॉक्स यांनी लिहिला व तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नावात बोर्न यांच्या आडनावावर केलेला श्लेष आहे. 'पुन्हा एकदा बोर्न' आणि 'पुनर्जन्म' असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात.

माऊस आणि रंगीत खिडक्यांच्या जमान्यात हे जुने तंत्र कशासाठी शिकायचे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पुण्यातच मिळते. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८मध्ये 'प्रत्यूष' हा महासंगणक आला आणि २०२४मध्ये 'अर्का'. हवामानाची प्रचंड गणिते अशा यंत्रांवर सोडवली जातात. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७पासून 'लिनक्स' या युनिक्सच्या वळणावर बांधलेल्या प्रणालीवर चालत आली आहेत. त्यांच्यासमोर माऊस घेऊन कोणी बसत नाही; काम सोपवायचे ते स्क्रिप्ट लिहूनच. संकेतस्थळे चालवणाऱ्या असंख्य संगणकांचीही हीच स्थिती आहे.

पाट, चारी आणि 'पाइप'

नवशिक्याला सुरुवातीस मोजक्या आज्ञा पुरतात. (या आज्ञा संगणकावर इंग्रजी अक्षरांतच टाइप कराव्या लागतात, येथे त्या उच्चारानुसार दिल्या आहेत.) आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत हे 'पीडब्ल्यूडी' सांगते. त्यात कोणत्या फाइली आहेत हे 'एलएस' दाखवते. दुसऱ्या फोल्डरमध्ये जाण्यासाठी 'सीडी', फाइलमधील मजकूर पडद्यावर आणण्यासाठी 'कॅट', ओळी मोजण्यासाठी 'डब्ल्यूसी', हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधण्यासाठी 'ग्रेप' आणि ओळी क्रमाने लावण्यासाठी 'सॉर्ट'. प्रत्येक आज्ञा एकच काम करते, पण चोख करते.

खरी गंमत आहे ती या आज्ञा एकमेकींना जोडण्यात. राहुरीकरांना हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. मुळा धरणाचे पाणी कालव्यात येते, कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत आणि चारीतून वाफ्यात. शेलमध्येही माहिती अशीच वाहते. दोन आज्ञांच्या मध्ये '|' ही उभी रेघ काढली, की पहिल्या आज्ञेतून बाहेर पडणारा मजकूर थेट दुसरीत जातो. या रेघेला 'पाइप' म्हणतात. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३मध्ये तिचा युनिक्समध्ये समावेश झाला. फाइल वाचा, पावसाच्या आकड्यानुसार लावा, वरच्या पाच ओळी दाखवा, अशी तीन कामे एका ओळीत साखळीसारखी गुंफता येतात.

पाण्याला शेवटी वाफा लागतो, तसा माहितीलाही लागतो. '>' हे चिन्ह पडद्यावर येणारे उत्तर फाइलमध्ये वळवते. त्या नावाची फाइल आधीपासून असेल, तर तिच्यातील जुना मजकूर न विचारता पुसला जातो. हेच चिन्ह दोनदा लिहिले, म्हणजे '>>' असे, तर नवा मजकूर जुन्याच्या खाली जोडला जातो. एका चिन्हाचा फरक, पण एका बाजूला वर्षभराच्या नोंदीत पडलेली भर आणि दुसऱ्या बाजूला त्या नोंदींचा लोप.

आज्ञा ते स्क्रिप्ट

रोज त्याच आज्ञा त्याच क्रमाने द्यायच्या असतील, तर त्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात आणि 'बॅश' या शब्दापुढे त्या फाइलचे नाव द्यावे. शेल ती फाइल वरून खाली, एकेक ओळ वाचत काम उरकतो. हीच शेल स्क्रिप्ट. '#' या चिन्हापुढचा मजकूर शेल सोडून देतो. तेथे माणसासाठी टीप लिहिता येते. फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत '#!' लिहून त्यापुढे शेलचा पत्ता देण्याची पद्धत आहे. ही फाइल कोणत्या शेलने वाचायची, याची ती सूचना असते.

स्क्रिप्टला बळ येते ते तीन गोष्टींमुळे. पहिली 'चल' किंवा व्हेरिएबल, म्हणजे एखाद्या मूल्याला दिलेले नाव. ते नाव वापरताना त्याआधी '$' हे चिन्ह लावायचे. दुसरी 'आवर्तन', म्हणजे ५० फाइलींपैकी प्रत्येकीवर तेच काम पुन्हा पुन्हा करणे. तिसरी 'अट', म्हणजे अमुक खरे असेल तरच तमुक करणे. या तिन्ही गोष्टी समजायला आठवडाभर पुरतो. त्यानंतर सुरू होते सांगकाम्याशी बोलण्याची खरी परीक्षा.

देवळाली प्रवराचा पेच

समजा, वांबोरीची फाइल 'वांबोरी' या नावाने ठेवली आहे आणि देवळाली प्रवराची 'देवळाली प्रवरा' या नावाने. फाइलींची नावे देवनागरीत असली, तरी आजच्या लिनक्सला त्याची अडचण नाही. स्क्रिप्टमधील आवर्तन वांबोरीची फाइल विनातक्रार वाचते. देवळाली प्रवराची पाळी आली, की पडद्यावर संदेश येतो: 'देवळाली' नावाची फाइल नाही, 'प्रवरा' नावाची फाइल नाही.

घोटाळा आहे तो मधल्या रिकाम्या जागेचा. शेलच्या दृष्टीने रिकामी जागा म्हणजे दोन शब्दांमधील सीमा. देवळाली प्रवरा हे एकाच गावाचे नाव आहे, हे राहुरी तालुक्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. शेलला ते कोणीतरी सांगावे लागते. व्हेरिएबलच्या भोवती दुहेरी अवतरणचिन्हे घातली, की आतील सारा मजकूर एकच शब्द मानला जातो आणि पेच सुटतो. येथेही एक बारकावा आहेच. दुहेरी अवतरणात '$' आपले काम करत राहतो. एकेरी अवतरणात तो निव्वळ एक चिन्ह होऊन बसतो. त्यामुळे एकेरी अवतरणे वापरल्यास शेल फाइलचे नाव न पाहता व्हेरिएबलच्याच नावाची फाइल शोधू लागतो.

वाचण्याच्या आज्ञेत ही चूक झाली, तर फार तर एक तक्रार येते. पुसण्याच्या आज्ञेत झाली, तर काय होईल? बारागाव नांदूरची फाइल पुसायला सांगितली, आणि त्याच फोल्डरमध्ये योगायोगाने 'नांदूर' नावाची दुसरीच फाइल असली, तर ती जाईल. शेलमधील 'आरएम' या आज्ञेला कचरापेटी नसते. गेलेली फाइल तेथून परत उचलता येत नाही.

९ मोठे की ६५?

दुसरा सापळा आकड्यांचा. ९, ६५ आणि ११२ हे तीन आकडे 'सॉर्ट'कडे सोपवून चढत्या क्रमाने लावण्यास सांगितले, तर उत्तर येते: ११२, ६५, ९. येथे सॉर्टची काही चूक नाही. त्याने शब्दकोशातल्याप्रमाणे पहिले अक्षर पाहिले. १ हा ६च्या आधी येतो आणि ६ हा ९च्या आधी. हे शब्द नसून संख्या आहेत, हे सांगण्यासाठी आज्ञेपुढे 'एन' हा पर्याय लावावा लागतो.

अट लिहिताना तर हा घोळ अधिकच अंगावर येतो. गणितात 'पेक्षा मोठे' दाखवणारे '>' हे चिन्ह शेलमध्ये उत्तर फाइलमध्ये वळवण्यासाठी वापरतात, हे वर आलेच आहे. नवशिक्या साध्या चौकटी कंसात 'पाऊस > ६५' अशा धाटणीची अट लिहितो. शेल तिचा अर्थ लावतो, की ६५ नावाची एक फाइल तयार करायची आहे. ती फाइल तो निमूटपणे तयार करतो आणि उरलेली अट 'येथे काहीतरी लिहिले आहे' एवढ्यावरच खरी ठरवतो. परिणामी, रिमझिम पावसाचा दिवसही अतिवृष्टीत मोजला जातो. पडद्यावर चुकीचा एकही संदेश नाही. खूण म्हणून मागे राहते ती फोल्डरमध्ये अवचित उगवलेली, ६५ नावाची रिकामी फाइल.

बॅशमध्ये संख्यांच्या तुलनेसाठी 'जीटी' यासारखे वेगळे पर्याय आहेत. पण ते केवळ पूर्णांकांसाठी. ६५.४ मिलिमीटर म्हटले, की बॅश हात वर करतो. दशांश आकड्यांसाठी 'ऑक' या साधनाची मदत घ्यावी लागते. अल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले, आणि १९७७पासून ते युनिक्सच्या कुटुंबात आहे. रकान्यांत मांडलेल्या माहितीवर काम करावे, ते ऑकनेच.

शीर्षकाची ओळ आणि देवनागरी अंक

ऑक हाती आले म्हणजे चिंता मिटली, असे मात्र नाही. ५० फाइलींपैकी प्रत्येकीत पहिल्या ओळीवर 'दिनांक' आणि 'पाऊस' अशी शीर्षके असतात. ऑकला दुसऱ्या रकान्यातील मूल्य ६५पेक्षा मोठे असलेल्या ओळी मोजायला सांगितल्या. 'पाऊस' हा शब्द संख्या नाही. म्हणून ऑक तेथे अक्षरांची तुलना करते. अक्षरांच्या क्रमात 'पाऊस' हा शब्द ६५च्या पुढे येतो. झाले! ती ओळही मोजली गेली. प्रत्येक फाइलमागे अतिवृष्टीचा एक दिवस वाढला. ५० फाइलींत ५० दिवस. आकडा इतका विश्वसनीय दिसतो, की कोणाला शंकाही येऊ नये.

मराठी वापरकर्त्याला आणखी एका गोष्टीची खूणगाठ बांधावी लागते. आपल्याकडील अनेक नोंदी देवनागरी अंकांत असतात. माणसाच्या दृष्टीने देवनागरीतील ६५ आणि इंग्रजी अंकांतील ६५ एकच. शेल आणि ऑक मात्र देवनागरी अंकांना अक्षरे समजतात. अशा आकड्यांची बेरीज करायला सांगितली, तर उत्तर येते शून्य. महिनाभर धो धो पाऊस पडला आणि स्क्रिप्ट सांगते, की थेंबही पडला नाही. यावर उपाय अवघड नाही. 'सेड' या साधनाने देवनागरीतील दहा अंकांच्या जागी इंग्रजीतील दहा अंक बसवून घेतले, की पुढचे काम सुरळीत होते. त्यासाठी मुळात हे घडते, एवढे ठाऊक असायला हवे.

याच मालिकेतील शेवटचा प्रश्न न घेतलेल्या नोंदींचा. एखाद्या दिवशी यंत्र बंद होते म्हणून रकाना कोरा राहिला. बेरजेत त्या कोऱ्या जागेचे शून्य होते आणि तो दिवस कोरडा ठरतो. 'पाऊस पडला नाही' आणि 'पाऊस मोजला गेला नाही' ही दोन वाक्ये शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वस्वी भिन्न आहेत. तो भेद स्क्रिप्टमध्ये माणसानेच लिहून ठेवला पाहिजे. दिवसाच्या सीमेचेही तसेच. स्वयंचलित केंद्र दर दहा मिनिटांनी नोंद करत असेल, तर दिवसाला १४४ आणि हंगामाच्या १२२ दिवसांत १७,५६८ नोंदी होतात. त्यांची बेरीज मध्यरात्र ते मध्यरात्र करायची, की सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ? रात्रभर कोसळलेला एकच पाऊस पहिल्या पद्धतीत दोन तारखांत विभागला जाऊन दोन्ही दिवशी ६५च्या खाली राहू शकतो.

एका रिकाम्या जागेची किंमत

अशा चुका केवळ नवशिक्यांच्या हातून होतात, असे मानण्याचे कारण नाही. २०११मध्ये लिनक्सवरील 'बम्बलबी' या सॉफ्टवेअरच्या स्थापनेच्या स्क्रिप्टमध्ये एका फोल्डरच्या पत्त्यात चुकून एक रिकामी जागा पडली. देवळाली प्रवराच्या उदाहरणात झाले तेच येथे झाले. एका पत्त्याचे दोन तुकडे झाले. त्यांतील पहिला तुकडा 'यूएसआर' या, प्रणालीतील बहुतेक सारे प्रोग्रॅम ज्यात असतात त्या फोल्डरचा पत्ता होता, आणि आज्ञा होती पुसण्याची. ज्यांनी ती स्क्रिप्ट चालवली, त्यांच्या संगणकावरील हे फोल्डरच नाहीसे झाले.

जानेवारी २०१५मध्ये 'स्टीम' या संगणकीय खेळांच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीत असाच प्रकार उघडकीस आला. स्क्रिप्टमधील आज्ञेचा आशय होता: अमुक फोल्डरमधील सर्व काही पुसून टाक. त्या फोल्डरचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. काही परिस्थितीत ते व्हेरिएबल रिकामे राहिले. पत्ता गळाला, आणि उरली ती केवळ मुळातील तिरकी रेघ; लिनक्समध्ये तिचा अर्थ होतो 'संपूर्ण संगणक'. वापरकर्त्याला ज्या ज्या फाइली पुसण्याचा अधिकार होता, त्या साऱ्या सांगकाम्याने पुसल्या. जोडलेल्या बाहेरील डिस्कवरील साठाही त्यातून सुटला नाही. या आज्ञेच्या वर मूळ प्रोग्रॅमरने 'भीतिदायक' अशा अर्थाची टीप लिहून ठेवली होती, हे विशेष. भीती वाटली होती. पण व्हेरिएबल रिकामे आहे का, हे तपासणारी एक ओळ लिहायची राहून गेली.

अंगी बाणवायच्या सवयी

अनुभवी मंडळी म्हणूनच आज्ञा पाठ करण्याआधी सवयी लावून घेण्यास सांगतात. पहिली सवय 'एको'ची. एको ही आज्ञा पुढे लिहिलेला मजकूर फक्त पडद्यावर छापते. पुसण्याच्या किंवा नाव बदलण्याच्या आज्ञेआधी हा शब्द लिहून पाहिला, की शेल नेमके काय करणार आहे ते प्रत्यक्ष न करता दिसते. '*' हे चिन्ह वापरताना तर हे करावेच. या चिन्हाच्या जागी सर्व फाइलींची नावे शेल स्वतःच भरतो, आणि ती यादी आपल्या कल्पनेपेक्षा वेगळी निघू शकते.

दुसरी सवय, मूळ माहितीला हात न लावण्याची. मूळ फाइली एका फोल्डरमध्ये जशाच्या तशा ठेवाव्यात, काम प्रतीवर करावे आणि उत्तर तिसऱ्याच ठिकाणी लिहावे. तिसरी, प्रत्येक व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालण्याची आणि ते रिकामे असल्यास तेथेच थांबण्याची अट लिहिण्याची. चौथी सवय सर्वांत जुनी, मास्तरांनी प्राथमिक शाळेत लावलेली: ताळा करून पाहण्याची. एकाच ठिकाणाची, एकाच महिन्याची फाइल घ्यावी, अतिवृष्टीचे दिवस बोटांवर मोजावेत आणि स्क्रिप्टचे उत्तर त्याच्याशी पडताळावे. वर सांगितलेले शीर्षकाचे, देवनागरी अंकांचे आणि ६५ नावाच्या फाइलीचे तिन्ही घोटाळे या एका ताळ्यात पकडले जातात. 'शेलचेक' नावाचे एक विनामूल्य साधनही उपलब्ध आहे. विसरलेली अवतरणचिन्हे आणि चुकीच्या तुलना ते ओळीच्या क्रमांकासह दाखवते. मात्र कोरा रकाना म्हणजे कोरडा दिवस नव्हे, हे त्याला कळणार नाही.

कोठे शिकावे?

शिकण्यासाठी वेगळा संगणक घेण्याची गरज नाही. विंडोज असलेल्या संगणकावर २०१६पासून लिनक्सची उपप्रणाली बसवता येते. मॅकमध्ये टर्मिनल आधीपासूनच असते. २०१९पासून त्यात बॅशऐवजी 'झेड शेल' हा भाऊबंद मूळ शेल म्हणून येतो, पण प्राथमिक धड्यांसाठी त्याने फारसे बिघडत नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर अडखळली, तर ओळीच्या शेवटी राहिलेले अदृश्य चिन्ह हे त्याचे कारण असू शकते; तेव्हा लिनक्समधील 'नॅनो'सारखा साधा संपादक वापरणे श्रेयस्कर.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे छोटे ध्वनिचित्र-पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत. पडद्यावर जे दिसते तेच आपल्या संगणकावर करून पाहायचे, अशी त्यांची रीत आहे. पुस्तकातून शिकणे ज्यांना भावते, त्यांच्यासाठी नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे युनिक्स शेल प्रोग्रॅमिंगवरील इंग्रजी पुस्तक आहे. 'सी' भाषेवरील त्यांच्या पुस्तकाने अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्या घडवल्या आहेत.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत प्रश्न विचारला, तरी तयार स्क्रिप्ट हाती येते. मग शिकायचे कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु ती स्क्रिप्ट राबवणारा शेल आहे तोच, सांगकाम्या. देवळाली प्रवरा हे एक गाव आहे, कोरा रकाना म्हणजे कोरडा दिवस नव्हे आणि पावसाचा दिवस साडेआठला बदलतो, हे त्याला आजही ठाऊक नाही. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञा चालवण्यापूर्वी ती ओळीगणिक वाचता येणे, हीच आज नवशिक्याची खरी गरज होय.

पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि नाशिक-अहिल्यानगर मिळून दहा जिल्ह्यांचे कार्यक्षेत्र असलेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने पिकाला पाणी केव्हा व किती द्यावे हे सांगणारी 'फुले इरिगेशन शेड्यूलर' ही प्रणाली मोबाइलवर आणली आहे. शेतीचा सल्ला असा दिवसेंदिवस आकड्यांवर विसंबू लागला आहे. तो आकडा कोणीतरी, कोठेतरी, अशाच चार-पाच ओळी लिहून काढत असतो. त्या ओळी लिहिणाऱ्याने एका महिन्याचा ताळा हाताने करून पाहिला होता की नाही, हे शेवटच्या आकड्याकडे पाहून कोणालाच कळत नाही. म्हणूनच तो करून पाहायचा असतो.